अटळ म्हणण्याची सोय

‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शाळांमधून कित्येक पिढ्यांनी सोडवला आहे. उत्तराचा क्रमही ठरून गेलेला आहे: साम्राज्यवादी स्पर्धा, शस्त्रास्त्रांची चढाओढ, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार आणि शेवटी ‘तात्कालिक कारण’ म्हणून साराजेव्होतली हत्या. पाठोपाठ परिणामांची यादी येते: चार साम्राज्ये कोसळली, व्हर्सायचा तह झाला, राष्ट्रसंघ स्थापन झाला, हिटलरचा उदय झाला. यातला एकही मुद्दा खोटा नाही. खटकते ते या यादीतून मनावर ठसणारे चित्र. गवत वाळलेलेच होते, ठिणगी पडायचा अवकाश होता, असे ते चित्र. गवताला पेट घ्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. १९१४ च्या जुलैमध्ये मात्र सहा राजधान्यांतली माणसे रोज काहीतरी ठरवत होती, ठरवलेले मागे घेत होती, पुन्हा ठरवत होती. युद्ध अटळ होते असे म्हटले की हा सगळा भाग अभ्यासातून गळून जातो. युद्धानंतरच्या काळात तो गळून जाणे अनेकांच्या पथ्यावर पडले, हेही ध्यानात घ्यायला हवे.

यादीतली मूलभूत कारणे खरोखर पुरेशी असती, तर महायुद्ध आधीच व्हायला हवे होते. १९०५-०६ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स समोरासमोर आले. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला आणि रशियाला तो अपमान गिळावा लागला. १९११ मध्ये जर्मनीने आगादीरला युद्धनौका धाडली. १९१२-१३ मध्ये तर बाल्कनमध्ये प्रत्यक्ष दोन युद्धे झाली आणि ऑस्ट्रिया व रशिया यांनी सरहद्दीवरचे सैन्यबळ वाढवले. प्रत्येक वेळी गट जवळपास तेच होते, शस्त्रे तीच होती, वर्तमानपत्रांतला आवेशही तोच होता. तरीही दर वेळी वाटाघाटी झाल्या, कोणीतरी माघार घेतली; १९१२-१३ मध्ये लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरली आणि वणवा बाल्कनपुरता राहिला. जी कारणे नऊ वर्षे हजर असूनही युद्ध होत नव्हते, ती एकटी १९१४ चे युद्ध समजावून सांगू शकत नाहीत. ती फार तर एवढेच सांगतात की युद्ध पेटलेच तर ते मोठे होईल.

गुप्त करारांचे घ्या. दोन गटांच्या करारांनी देशांना एकमेकांशी असे जखडले होते की एक ओढला गेला म्हणजे बाकीचे आपोआप ओढले जाणार, असा सर्वसाधारण समज आहे. पण इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गोटात होती. १९१४ मध्ये तिने ‘करार बचावासाठी आहे, आक्रमणासाठी नाही’ अशी भूमिका घेऊन तटस्थता जाहीर केली आणि १९१५ च्या मे महिन्यात ती चक्क विरुद्ध बाजूने युद्धात उतरली. रुमानियाने तसेच केले. ब्रिटनवर तर फ्रान्सच्या बाजूने लढण्याचे कराराचे बंधनच नव्हते. १ ऑगस्टपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळातले बहुतेक मंत्री युद्धाच्या विरोधात होते. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरणार हे दिसू लागले तेव्हा पारडे फिरले, आणि तरीही जॉन मॉर्ली आणि जॉन बर्न्स हे दोन मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडलेच. करार हे राज्यकर्त्यांच्या हातातले साधन होते. ते वापरायचे की बाजूला ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक राजधानीत वेगळा घेतला गेला.

२८ जून १९१४ रोजी गावरिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तब्बल महिनाभर युद्ध झाले नाही आणि तो महिना पाहण्यासारखा आहे. व्हिएन्नात सर्बियावर चाल करण्याचा आग्रह लष्करप्रमुख कोनराड कित्येक वर्षांपासून धरत होता आणि त्याला सतत अडवणारा सर्वांत वजनदार माणूस स्वतः फ्रान्झ फर्डिनांड होता. म्हणजे त्या गोळीने युद्धाला निमित्त पुरवले आणि शांततेच्या बाजूचा माणूसही उचलून नेला. ५ आणि ६ जुलैला बर्लिनहून कैसर विल्हेल्म आणि चॅन्सेलर बेथमान होलवेग यांनी ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे वचन दिले. हंगेरीचा पंतप्रधान टिसा मात्र १४ जुलैपर्यंत अडून बसला होता. सर्बियाला द्यायचा निर्वाणीचा खलिता तयार झाल्यावरही रोखून धरला गेला, कारण फ्रान्सचे अध्यक्ष पॉइनकारे तेव्हा रशियाच्या भेटीवर होते आणि दोन मित्रांना समोरासमोर बसून सल्लामसलत करण्याची संधी व्हिएन्नाला द्यायची नव्हती. २३ जुलैला ते परत निघत असतानाच खलिता बेलग्रेडला पोहोचवण्यात आला. मुदत ४८ तासांची. संतापाच्या भरात असे वेळापत्रक आखले जात नाही.

शेवटच्या पाच दिवसांत तर निर्णय अक्षरशः कुशीवर कूस बदलत होते. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना आपल्या भूमीवरच्या न्यायालयीन चौकशीत सामील करून घ्यायला मात्र नकार दिला. २८ जुलैला सकाळी कैसरने ते उत्तर वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने बेलग्रेड ताब्यात घेऊन तिथेच थांबावे आणि बोलणी करावीत, असे त्याने सुचवले. बेथमान होलवेगने ही सूचना व्हिएन्नाला रात्री उशिरा आणि पातळ करून कळवली, तोवर ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलेही होते. २९ जुलैला झार निकोलसने संपूर्ण लष्करभरतीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर रात्री तो मागे घेतला आणि ३० तारखेला परराष्ट्रमंत्री साझोनोव्हच्या आग्रहाने पुन्हा दिला. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहील अशा चुकीच्या समजुतीतून कैसरने सेनापती मोल्टकेला सगळी फौज पूर्वेकडे वळवायला सांगितले. आगगाड्यांचे वर्षभर आखलेले वेळापत्रक असे ऐन वेळी फिरवता येत नाही, असे मोल्टकेने उत्तर दिले. यंत्रणेपुढे माणूस हतबल झाल्याचा हा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. पण फक्त पूर्वेकडे लढण्याची पर्यायी योजना जर्मन सेनापतींनी १९१३ मध्येच बासनात गुंडाळली होती. १ ऑगस्टची ती हतबलता आदल्या वर्षीच्या निवडीतून आली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की १९१४ मध्ये टळले असते, तरी पुढे दोन-चार वर्षांत युद्ध झालेच असते. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, तसा तो सिद्धही करता येत नाही. पण ‘केव्हा’ हा प्रश्न किरकोळ नाही. रशियाचा लष्करी विस्तार १९१७ च्या सुमारास पुरा होणार होता आणि त्यानंतर आपला निभाव लागणार नाही, या भीतीने जर्मन सेनापती ‘आत्ताच’ म्हणत होते. म्हणजे दोन-चार वर्षांनंतरचे युद्ध वेगळे झाले असते, किंवा त्या बदललेल्या ताकदीच्या धाकाने झालेच नसते, हे त्यांनाही दिसत होते. शिवाय ऑस्ट्रियाचा वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ १९१६ मध्ये वारला, तर ब्रिटन आयर्लंडच्या प्रश्नावरून यादवीच्या उंबरठ्यावर उभा होता. पुढची दोन-तीन वर्षे कोणत्या वाटेने गेली असती हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याला ‘अटळ’ म्हणणे हा निष्कर्ष ठरत नाही, ती समजूत ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे लक्ष पाच-पन्नास राजे, मंत्री आणि सेनापतींवर ठेवले तर अर्थव्यवस्था, समाज, वसाहती, कोट्यवधी सामान्य माणसे अभ्यासाबाहेर राहतात आणि इतिहास दरबारी होऊन बसतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मूलभूत कारणांची यादी टाकून देऊन चालणार नाही. इतक्या थोड्या माणसांच्या हाती एवढा अधिकार का होता, लष्करी योजनांवर मुलकी मंत्र्यांचा अंकुश का नव्हता, माघार घेणे सत्ताधाऱ्यांना मरणापेक्षा वाईट का वाटत होते, याची उत्तरे त्या यादीतूनच मिळतात. परिस्थितीने पर्याय अरुंद केले आणि उरलेल्या पर्यायांतून माणसांनी निवड केली. अभ्यास म्हणजे या दोन्हींचा नेमका हिशेब. व्हिएन्नाने स्थानिक युद्ध मुद्दाम निवडले, बर्लिनने मोठ्या युद्धाचा धोका डोळे उघडे ठेवून पत्करला, सेंट पीटर्सबर्गने लष्करभरतीची घाई केली आणि लंडनने आपले मन वेळेवर उघड केले नाही. या चौघांचा वाटा सारखा नाही. ‘सगळेच दोषी’ आणि ‘कोणीच दोषी नाही’ ही दोन वाक्ये ऐकायला वेगळी वाटली, तरी वाटा मोजण्याचे काम दोन्ही सारखेच टाळतात.

हे काम टाळले का गेले, हे समजण्यासाठी युद्धानंतरच्या काळाकडे वळावे लागते. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या हत्येला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, सह्या होऊन पार पडला. त्याच्या २३१ व्या कलमाने जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी टाकली. ‘युद्ध कोणामुळे झाले’ हा प्रश्न तेव्हापासून थेट पैशांशी जोडला गेला. जर्मन परराष्ट्र खात्याने या कलमाला उत्तर देण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. १९२२ ते १९२७ या काळात जर्मनीने १८७१ पासूनच्या आपल्या राजनैतिक कागदपत्रांचे ४० खंड प्रसिद्ध केले. ब्रिटनने १९२६ पासून ११ खंड काढले, फ्रान्सनेही आपली मालिका सुरू केली. अभ्यासकांना असा खजिना पूर्वी कधी मिळाला नव्हता. मात्र तो प्रत्येक सरकारने आपली बाजू लढवण्यासाठी उघडला होता. कागद खरे होते, पण कोणते आधी बाहेर आणायचे आणि कोणते कपाटात ठेवायचे हे ठरवणारा पक्षकारच होता.

त्यातून १९२० आणि १९३० च्या दशकांत एक सर्वमान्य समजूत घडली: युद्ध कोणालाच नको होते, सगळे त्यात घसरत गेले. ब्रिटनचे युद्धकाळातले पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी आपल्या आठवणींत हाच सूर लावला. जर्मनीशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या ब्रिटनला तो सोयीचा होता आणि दोषाचे ओझे उतरवू पाहणाऱ्या जर्मनीला तर होताच. हा समझोता १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी मोडला. बर्लिनच्या राज्यकर्त्यांच्या विस्तारवादी उद्दिष्टांची, सप्टेंबर १९१४ मध्ये लिहिलेल्या विजयानंतरच्या मागण्यांची कागदपत्रे त्यांनी मांडली. गदारोळ एवढा झाला की १९६४ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने फिशर यांच्या अमेरिकेतल्या व्याख्यानदौऱ्याचा निधी काढून घेतला. पुढे २०१२ मध्ये इतिहासकार ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सर्बिया, रशिया आणि फ्रान्स यांच्या निर्णयांकडे पुन्हा लक्ष वेधले. फिशर आणि क्लार्क यांचे अनेक बाबतींत पटणार नाही. तरी दोघांच्या कामाचा पाया एकच आहे: कोणत्या दिवशी, कोणी, काय माहीत असताना, काय ठरवले हे कागदावरून दाखवणे.

कारणांना लावलेली ही कसोटी परिणामांनाही लावायला हवी, कारण तिथे अटळपणाची समजूत आणखी पक्की बसली आहे. व्हर्सायच्या जाचक तहातून हिटलर जन्मला, हे वाक्य आपल्याकडे सिद्धान्तासारखे वापरले जाते. १९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्णमार्कांची भरपाई लादली गेली हे खरे. पण त्यातले ८२ अब्ज अशा रोख्यांत होते की ते वसूल होण्याची शक्यता ते लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हती. प्रत्यक्षात जर्मनीने भरले ते सुमारे २० अब्ज. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. त्यामागे युद्धाचा खर्च करांऐवजी कर्जातून भागवण्याचा जुना निर्णय होता आणि फ्रान्सने ऱ्हूर खोरे व्यापल्यावर संपकऱ्यांचे पगार नोटा छापून देण्याचा नवा निर्णयही होता. मग गाडी रुळावर आली. १९२४ मध्ये हप्ते सैल झाले, १९२५ मध्ये लोकार्नोचे करार झाले, १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात सामील झाला. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मिळाली अवघी २.६ टक्के मते. तह तोच होता, अपमानही तोच होता, पण मतदार हिटलरकडे गेला नव्हता.

तो गेला जागतिक मंदीनंतर. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांच्या घरात माणसे बेकार होती आणि त्या जुलैत नाझींची मते ३७.३ टक्क्यांवर गेली. त्याच महिन्यात लोझान परिषदेत युद्धभरपाई जवळजवळ रद्दच झाली होती. नोव्हेंबरमध्ये नाझींची मते ३३.१ टक्क्यांवर घसरली. असे असताना ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्गने माजी चॅन्सेलर फॉन पापेनच्या सल्ल्याने हिटलरला चॅन्सेलर नेमले, त्याला आपल्या मुठीत ठेवता येईल या हिशेबाने. तहाचा सल खोलवर होता आणि हिटलरने तो मन लावून चेतवला, हा आक्षेप रास्तच आहे. पण सल असणे आणि सत्ता हाती देणे यांच्यामध्ये चौदा वर्षे, एक मंदी आणि काही माणसांचे डावपेच आहेत. सगळा भार तहावर टाकला की पापेन आणि हिंडेनबुर्ग सुटतात, आणि त्यांच्याबरोबर मतदारही.

हिंदुस्थानापुरते पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. युद्धात उतरायचे का, हे या देशाला कोणी विचारले नाही, तरी सुमारे १३ लाख माणसे लष्करात आणि लष्करी कामांवर गेली. तुर्कस्तानशी युद्धाची चिन्हे दिसताच मुंबईहून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताकडे निघाली. पुढे बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागल्यावर ही डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. मराठा पलटणींचे जवान त्यात होते. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण आले. या मोहिमेतल्या बेफिकिरीवर चौकशी आयोगाने १९१७ मध्ये ताशेरे ओढले, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. ही साखळी मोहात पाडणारी आहे. पण घोषणेचा विचार चेंबरलेन यांच्याच काळात सुरू झाला होता, टिळक आणि बेझंटबाईंच्या होमरूल चळवळीचा रेटा वाढत होता आणि लखनौ करारही झाला होता. एकामागून एक घडलेली गोष्ट एकीमुळे दुसरी घडली असे मानायला पुरेशी नसते.

युद्धानंतरच्या दडपशाहीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. युद्धकाळात आणीबाणीचे कायदे होते, ते युद्धाबरोबर संपायला हवे होते. ते शांततेतही चालू ठेवण्यासाठी मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा केला गेला, तोही कायदेमंडळातल्या निर्वाचित हिंदी सभासदांचा विरोध डावलून. त्याविरुद्ध चळवळ उठली आणि १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. महागाई, भरतीची सक्ती, अपेक्षाभंग ही युद्धाचीच देणगी होती. रौलट कायदा ही मात्र सरकारची निवड होती. दुसरीकडे जून १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबईत आलेली इन्फ्लुएन्झाची साथ कोणी निवडली नव्हती. त्या वर्षीच्या अवर्षणाने पोखरलेल्या शरीरांमध्ये तिने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा प्रत्येक परिणामामागे कोणाचा तरी निर्णय असतो, असे म्हणण्याचाही अतिरेक करू नये. काय निवडले गेले आणि काय ओढवले, हे वेगळे करता येणे हेच या अभ्यासाचे खरे कौशल्य आहे.

इतिहासापासून कोणी काही शिकत नाही, असे म्हणून हा सारा खटाटोप निरर्थक ठरवता येईल. १९६२ चा ऑक्टोबर त्याला उत्तर देतो. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली तेव्हा अध्यक्ष केनेडी यांनी १९१४ च्या ऑगस्टवरचे बार्बरा टकमन यांचे पुस्तक नुकतेच वाचले होते आणि सहकाऱ्यांपाशी ते त्याचा उल्लेख करत होते. हवाई हल्ला लगेच करावा असे सेनापती म्हणत असताना त्यांनी नौदलाची नाकेबंदी निवडली आणि प्रतिपक्षाला माघारीची वाट मोकळी ठेवली. त्या एका पुस्तकाने जग वाचले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ख्रुश्चेव्हनेही माघार निवडली म्हणून ते साधले. पण युद्ध हे निर्णयांनी घडते हे ज्याने वाचले आहे, त्याला आपल्या पुढचा निर्णय निदान निर्णय म्हणून दिसतो. नागरिकांनाही हेच लागू आहे. पुढचे कोणतेही युद्ध ‘आता अटळ आहे’ म्हणून आपल्यापुढे मांडले जाईल, तेव्हा कोणता प्रस्ताव टेबलावर होता, तो कोणी बाजूला सारला आणि अटळपणाची भाषा कोणाला सोयीची आहे, हे विचारता यायला हवे. १९१४ मध्ये हे प्रश्न वेळेवर विचारणारे थोडे होते, आणि ज्यांनी विचारले त्यांचे म्हणणे ऐकणे कोणावर बंधनकारक नव्हते. लोकशाहीत ते बंधन घालण्याचा अधिकार मतदाराला आहे.